दीड फूट खोल स्वयंपाकघर

मा दुसोप हा थोंग्योंग बंदरातला होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री. बंद पडलेलं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखायचा. टेकडीवरचं आपलं तीन खोल्यांचं घर त्याने लग्नानंतर दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हाताने बांधलं. चार माणसं जमली की तो हे सांगितल्याशिवाय राहत नसे. बायको ओक्दान शेजारीच बसलेली असायची. तिने खालून समुद्रावरून वाळू डोक्यावर वाहिली होती, तीही दिवस गेलेले असताना. पण ते तो कधी सांगत नसे, आणि तीही नाही.

ओक्दानने जन्मभर कालवं सोलायच्या शेडमध्ये काम केलं. अडुसष्टाव्या वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. पाच महिने दवाखान्यात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. पण घराला पायऱ्याच पायऱ्या; चाकाची खुर्ची फाटकाच्या आत दोन हातही जाईना.

मुलगी हेसुक म्हणाली, "बाबा, लिफ्टची इमारत बघू या."

अंथरुणातून ओक्दानने एकच शब्द काढला, "घर."

मग हेसुकने बांग इरान नावाची वास्तुविशारद आणली. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. दोन दिवस ती टेप लावून मापं घेत हिंडली आणि दुसोप तिच्या मागे मागे.

"स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधली भिंत काढून जमीन एका पातळीला आणावी लागेल," ती म्हणाली. "मागे तुमची अवजारांची शेड आहे, तिथे न्हाणीघरासकट एक खोली वाढवू."

"शेड घ्या. भिंतीला हात लावायचा नाही," दुसोप म्हणाला. "ती मी उभी केलीय. बेचाळीस वर्षांत तडा नाही गेला."

बांगने वाद घातला नाही. ती स्वयंपाकघरात उतरली. उतरली म्हणजे खरंच उतरली, कारण पूर्वी खोल्यांच्या जमिनीखालून चुलीची ऊब जावी म्हणून स्वयंपाकघर दीड फूट खाली ठेवत. चूल जाऊन बॉयलर आला, तरी खड्डा तसाच राहिला होता.

"जेवायला कुठे बसायचात?"

"वर, खोलीत."

"ताट कोण आणायचं?"

"कोण म्हणजे? हीच."

"मला दाखवता, कसं आणायच्या त्या?"

दुसोप हसला. जेवणाच्या बसक्या चौरंगावर त्याने भातवाट्या, मुरवलेल्या कोबीच्या किमचीचं भांडं, गरम पाण्याची किटली मांडली, चौरंग उचलला आणि वर चढायच्या पायरीच्या दगडावर पाय ठेवला. दोन्ही हात अडकलेले, धरायला काही नाही. वरच्या पायावर भार देताना गुडघा कटकन वाजला, किटली कलली, पाणी मनगटावर सांडलं. तो कसाबसा वर आला आणि चौरंग खाली टेकवून तसाच उकिडवा बसून राहिला.

"त्या दिवसातून किती वेळा चढायच्या?" बांगने विचारलं.

तो मनात मोजायला गेला. तीन वेळचं जेवण, चहापाणी, पाहुणे, सणवार. मग म्हणाला, "भिंत पाडा."

पहिला घण त्याने स्वतः घातला. गवंडी चोई म्हातारा होता, तोंडाने फटकळ. तिसऱ्या घावाला ठोकळा निघाला तो चोईने चुरडला, तर हातात नुसता भुगा.

"कुणी बांधली ही? वाळू धुतलेली नाही. मिठाने आतून खाल्लीय."

"मी," दुसोप म्हणाला.

चोईने बाकीच्या भिंती ठोकून पाहिल्या. खणखणीत होत्या. दुसोपला आठवलं. त्या भिंतींची वाळू ओक्दानने तीन-तीन पाण्यांनी धुतली होती. ही भिंत उभी राहिली तेव्हा ती हेसुकच्या बाळंतपणात एकवीस दिवस आत होती. वाळू नीट धुवा, असं तिने खिडकीतून ओरडून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, बायकांना काय कळतंय बांधकामातलं.

भिंतीच्या जागी लोखंडी तुळई आली. स्वयंपाकघराची जमीन भरून खोलीच्या बरोबरीला आणली. फाटकापासून उतार केला. नव्या खोलीची खिडकी इतकी खाली घेतली की पडल्यापडल्या बंदर दिसावं.

चैत्राच्या सुमारास ओक्दान घरी आली. खुर्ची फाटकातून थेट शेगडीपाशी गेली. तिने डाव्या हाताने ओट्याची कड चाचपली. ओटा तिच्या मांडीच्या वर, बसल्या हाताला येईल असा होता.

"ती भिंत," दुसोप खाली मान घालून म्हणाला, "कच्ची निघाली."

"माहीत... होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले... होते," ओक्दान म्हणाली. तिच्या तोंडाची डावी कड जरा हलली. "आता... तांदूळ धुवा."

ती दोन वर्षं नऊ महिने त्या घरात राहिली. खुर्चीतून ती सांगायची आणि तो रांधायचा. करपलं तर, "इंजिन... बरं तुमचं," एवढंच म्हणायची. एका जानेवारीत, सकाळच्या होड्या बाहेर पडत असताना, खिडकीकडे तोंड करून ती गेली. दुसोपने तिचा लुळा हात दुपारपर्यंत सोडला नाही. हेसुकने हात धरून त्याला बाजूला बसवलं.

वर्षश्राद्धाला हेसुक पोचण्याआधीच त्याने मासे तळून, भाज्या परतून, भात वाफवून ठेवला होता. दुसोपचा थोरला भाऊ दारातच थबकला.

"काय रे हे? आपल्या घराण्यात पुरुषाने कधी श्राद्धाचं रांधलंय?"

"दादा, श्राद्ध तिचंच आहे," दुसोप म्हणाला. "आता तिनेच येऊन रांधायचं का?"

भाऊ चपला काढून आत आला. नमस्कार झाले, पानं मांडली. जेवताना भावाने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.