आठे पानी शे

शहाद्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर फेब्रुवारीतल्या एका सकाळी कुणीतरी मोबाइल उंच धरून ओरडलं, "व्याज उतरी गयं भो!"

बाकावर बसून बशीतला चहा फुंकणाऱ्या बन्सीलालांनी मान वर केली आणि विचारलं, "किती फूट?"

टपरी हसली. "आबा, फूट नही, टक्का! कर्जनं व्याज शे ते."

आबा हसले नाहीत. त्यांच्यासाठी उतरण्याचं माप फुटांतच होतं. तापीकाठच्या गुजर कुटुंबातले, अडुसष्ट वर्षांचे बन्सीलाल त्या भागातले नावाजलेले पाणाडे, जमिनीखालचं पाणी सांगणारे. सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवून ते अनवाणी चालत. नारळ जिथे शेंडीवर उभा राही तिथे बोरची गाडी लागे. पस्तीस वर्षांत त्यांनी या कामाचा पैसा घेतला नव्हता. तो नारळ तेवढा घरी न्यायचा. "मन्हा घरमा पीठपेक्षा खोबरं जास्ती शे," असं त्यांची बायको जमनाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

एक गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे. नारळ लोकांच्या डोळ्यांसाठी होता. आबा पाहत ते दुसरंच. कोणत्या विहिरीचा पंप कोणत्या महिन्यात हवा ओढू लागला, कोणत्या बांधावरचा निंब चैत्रातही हिरवा राहिला, शेजारच्या बोरला किती रॉड लागले. हे सगळं एकत्र आलं की बोटं आपसूक हलत आणि नारळ उभा राही. त्यांच्या डोक्यातला हा नकाशा दरवर्षी थोडा थोडा खाली जात होता. पूर्वी दोनशे फुटांवर लागणारं पाणी आता पाचशेवर होतं.

व्याज उतरल्याच्या चौथ्या दिवशी कुंदनशेठची गाडी दारात आली. तळोद्याच्या रस्त्याला त्याने अठरा एकर केळी काढून प्लॉट पाडले होते. नाव ठेवलं होतं तापीदर्शन नगर. तापी पाहायची तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागेल आणि टाकी अजून बांधायची आहे, असं लोक म्हणत. कुंदनशेठने आबांना थेट ईशान्येच्या कोपऱ्यात नेलं. तिथे केळीमालकाची जुनी विहीर होती. तिच्यापासून दहा पावलांवर नारळ उभा राहिला.

"आठे पानी शे," आबा म्हणाले. आठे म्हणजे इथे. इथे म्हणजे त्या दहा पावलांत.

पुढच्या आठवड्यात फाटकावर पाटी लागली: 'भरपूर पाणी. पाणाडे बन्सीलालभाऊंनी स्वतः पाहिलेलं.' त्यात 'आठे' कुठेच नव्हता. बसमधून जाताना आबांनी पाटी वाचली. आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं. घरी गेल्यावर त्यांनी जमनाबाईला ते सांगितलं. पाटीत एक शब्द कमी आहे, हे सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये व्याज पुन्हा उतरलं. जूनमध्ये एकदम अर्धा टक्का. बातमी सकाळी येई आणि दुपारी तापीदर्शनच्या मातीत गाड्यांच्या चाकांच्या खुणा उमटत. बँकेतली ठेव आता काही देत नाही म्हणून पेन्शनवाले आले. हप्ता आवाक्यात आला म्हणून शिक्षक आले. दोन्ही दिशांनी माणसं एकाच फाटकातून आत येत होती. पाटीवरचा भाव रंगवणारा पेंटर रेवजी महिन्यातून दोनदा येऊ लागला. तो जुना आकडा पूर्ण पुसतही नसे. नव्या आकड्यामागे जुना सावलीसारखा दिसत राही.

जुलैत रोहिणी आणि नवनीत आबांकडे आले, पेढे घेऊन. रोहिणी आबांची एकुलती मुलगी. तळोद्यात शिवणाचे क्लास घेई. जावई नवनीत आश्रमशाळेत कारकून. अकरा वर्षांत त्यांनी भाड्याची चार घरं बदलली होती. शेवटच्या घरमालकाने शिलाई मशीनच्या आवाजावरून घर सोडायला लावलं, तेव्हा रोहिणीने मनाशी काहीतरी पक्कं केलं होतं.

"तापीदर्शनमा प्लॉट देखेल शे, आबा," ती म्हणाली. "कर्ज मंजूर व्हई जाई. बँकेच्या साहेबांनी पाटीवरचं तुमचं नाव पाहिलं आणि विचारलं, हे तुमचे कोण? तुम्ही एकदाव देखी ल्या ना. सत्तेचाळीस नंबर."

सत्तेचाळीस नंबर दक्षिणेच्या टोकाला होता. आबांना तिथे पाय ठेवायची गरज नव्हती. त्या बाजूच्या दोन्ही शेतांतले बोर मागच्याच उन्हाळ्यात कोरडे गेले होते.

पण गेली अकरा वर्षं आबा लेकीकडे जात ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. दिलेल्या लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. "पोरना घरनं पानी पेत नही, ते देखू कसं?" ते म्हणाले आणि पेढा हातातच धरून बसले. सत्तेचाळीसचं खरं सांगितलं, तर पाटीबद्दलही सांगावं लागलं असतं. रीत हाताशी होती. ती पुढे केली की बाकीचं झाकलं जात होतं.

नवनीत हसून म्हणाला, "आबा गप शेतस म्हनजे हा शे. नाही असतं तर बोलले असते ना."

जमनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग पेढ्याचं खोकं आत नेऊन ठेवलं.

सप्टेंबरात सिमेंटवरचा कर कमी झाला आणि तापीदर्शनमध्ये एकाच महिन्यात अकरा घरांचे पाये भरले गेले. प्रत्येकाला बोर हवा होता. भिकनची बोरची गाडी तिथून हलेच ना. संध्याकाळी तो टपरीवर आबांजवळ येऊन बसे. त्याच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या धुळीने पांढऱ्या झालेल्या असत.

"आबा, सातशेवर धूळ, आठशेवर धूळ. मशीन पानी नही, पीठ काढी ऱ्हायनं."

"जुन्या विहिरीचं काय?" आबांनी विचारलं.

"टँकर तिथूनच भरतस ना सगळे. महिनाभरापासून तळ दिखी ऱ्हायना."

म्हणजे ती दहा पावलंही गेली होती. आबांनी चहा अर्धा ठेवला.

सत्तेचाळीस नंबरवर रोहिणीच्या घराचा स्लॅब ओतला गेला. पाणी मारायला टँकर रोज यायचा, तो तीन दिवसांनी येऊ लागला. स्लॅबवर केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्याज आणखी उतरलं आणि त्याच दिवशी रोहिणीचा फोन आला. कर्जाचा शेवटचा टप्पा हातात होता. त्यात एकच बोर बसत होता, दुसरा नाही. तो कोरडा गेला तर घर पाण्याविना आणि हप्ता वीस वर्षांचा.

"आबा, रीत मी मोडते. पाप मला लागू दे. तुम्ही या."

रविवारी सकाळी आबा सत्तेचाळीस नंबरवर उभे राहिले. चपला बाजूला काढल्या. भिकनची गाडी रस्त्यावर तयार होती. पाणाडेबाबा स्वतः आले म्हणताच आसपासच्या प्लॉटवरची वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. पेन्शनवाले होते, बायका होत्या. नारळ तळहातावर आडवा पडला. आबा चालू लागले. पूर्वेचा कोपरा, जिन्याची जागा, पुढचं अंगण. माती पायांना कोमट लागत होती, चुलीतल्या विझल्या राखेसारखी. बोटांना ठाऊक होतं की जराशी हालचाल पुरे. नारळ उभा राहील, माणसं टाळ्या वाजवतील, लेक हसेल. निदान आजचा दिवस.

नारळ आडवाच राहिला.

"आठे नही शे, बेटा," आबा म्हणाले. मग कुणी न विचारताच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "त्या कोपऱ्यातल्या विहिरीजवळ होतं, ते मी सांगितलं होतं. एवढ्या सगळ्या जमिनीचं मी कधी सांगितलं नव्हतं. पाटी वाचून गप बसलो, ही चूक माझी."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एक बाई म्हणाली, "मंग आमना प्लॉट?"

कुंदनशेठ फाटकाकडून झपझप आला. आबांना नमस्कार केला आणि रोहिणीच्या जवळ जाऊन हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलंच. "ताई, अकरा वाजता सुरतची पार्टी येतेय. व्याज उतरल्याच्या बातमीवर उरलेले सगळे प्लॉट जातील. गाडी इथून न चालता परत गेली, तर उद्या या जमिनीला कुत्रं विचारणार नाही. तुमच्या घरालासुद्धा. मशीनचा आवाज तर येऊ द्या. डिझेल माझ्याकडून."

"वहिनी, चालू करा," गर्दीतला एक निवृत्त मास्तर म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती. मागची माणसंही तेच म्हणू लागली, आधी एक, मग पाच, मग सगळे. मघाशी ज्यांचे चेहरे उतरले होते, त्यांच्याच तोंडून ते येत होतं.

रोहिणीने बापाकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. आबांना वाटलं, ती विचारेल, पुन्हा एकदा पाहता का? तिने विचारलं नाही. तिचा बापावर विश्वास होता, आणि म्हणूनच तिला घाई होती: पाणी नाही ही गोष्ट फाटकाबाहेर जाण्याआधी जमिनीचा भाव टिकायला हवा होता.

"भिकनभाऊ," ती म्हणाली, "लावा गाडी."

"ताई, आबांनी तर..."

"लावा म्हटलं ना."

मशीन धडधडलं. पहिला रॉड जमिनीत गेला आणि पांढरी धूळ फवाऱ्यासारखी उसळून स्लॅबवर, माणसांच्या केसांवर, आबांच्या अनवाणी पायांवर बसू लागली. भिकन प्रत्येक रॉडमागे मोठ्याने आकडा म्हणत होता. नवनीत मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, हो, चालू आहे, आवाज येतोय ना? कुंदनशेठने खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला आणि शर्टाची कॉलर नीट केली.

तळोद्याच्या रस्त्यावर गुजरातच्या नंबरची एक गाडी हळू झाली. काच खाली आली. आतल्या बाईने मशीनच्या दिशेने बोट दाखवून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. मग गाडीने इंडिकेटर दिला आणि ती फाटकातून आत वळली.