मास्तरांशिवाय पहिला शहादतीचा दिवस

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज बातमी लिहितो. आज विनंती लिहितोय.

लोकल बोर्डाच्या शाळेतले आपले मास्तर बहाई होते. त्यांच्या धर्माची वाट दाखवणाऱ्या ‘बाब’ यांना पूर्वी इराणात भर दुपारी गोळ्या घातल्या. दरवर्षी त्या शहादतीच्या, म्हणजे हौतात्म्याच्या दिवशी, त्याच वेळेला मास्तर प्रार्थना वाचत आणि त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, ऐकत. मास्तर या उन्हाळ्यात गेले, म्हणून आज वहिनींनी मला बोलावलं.

प्रार्थनेचं पुस्तक उर्दू निघालं.

“वहिनी, मला ही अक्षरं येत नाहीत.”

“काऊन? तुमी तं रोज फळ्यावर लिहिता ना भाऊ!” त्यांचा चेहरा पडला. “खंड पडू देऊ नको, म्हनत होते ते.”

मी मराठी पुस्तकासारखं ते पुस्तक उघडलं.

“तिकून नाई, इकून.”

वहिनी निरक्षर आहेत. पण पान कधी उलटायचं ते त्यांना पाठ होतं. डोळे मिटून त्यांनी मान हलवली, की मी पान उलटे. शेवटी म्हणाल्या, “त्याईचा आवाज आठोला भाऊ. शब्द नाई आठोले.”

तुमच्यापैकी कोणी उर्दू वाचतं का? सूर्य मावळेपर्यंत हा दिवस संपत नाही म्हणे. वहिनी पुस्तक घेऊन दारातच बसल्या आहेत.