पातळ बनियन

"घाम आला का, शेख?"

सौदीतल्या बुरैदा शहरातल्या आमच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात आमचे मॅनेजर प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारतात. मेरिनो लोकरीची बनियन घालायला लावतात, एसी बंद करतात आणि माणसाला दुकानभर फिरवतात. कोपऱ्यात ऑनलाइन ऑर्डरी बघत मीही घामाघूम होते. ते रत्नागिरीचे. शिकारीला कधी गेलेले नाहीत. कुणी हातावर ससाणा घेऊन आलं, की ते काउंटरमागे जातात आणि तिथूनच माल दाखवतात.

काल रियाधहून एक मराठी बँकवाले आले. त्यांच्या सौदी साहेबांनी मोसमातल्या पहिल्या शिकारीला बोलावलं होतं. त्यांना सगळ्यात जाड बनियन हवी होती.

"साहेबांसमोर कुडकुडलो तर काय इज्जत राहील?"

"कुडकुडलात तर गरम कहवा देतील, शेख. दुपारी उकडून सगळ्यांसमोर कपडे काढत बसलात तर? आत्ता पातळच घ्या. जाड जानेवारीत."

"तुम्ही स्वतः गेलायत कधी शिकारीला?"

ते पातळ बनियनीची घडी घालू लागले. दोन वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकासमोर असं माघार घेताना कधीच पाहिलं नव्हतं. मी दुकानात "हो" आणि "नाही" याच्यापुढे जात नाही. पण उठून उभी राहिले.

"ते नाही गेले," मी म्हणाले, "पण गेल्या वर्षी सुरुवातीलाच जाड नेलेले सगळे बदलून घ्यायला इथे आले होते. पातळवाला एकही आला नाही."