पडणारे काका

काका पडायचे फार देखणे. जुन्या मराठी सिनेमांत धडपडणारी एक विनोदी जोडी होती. एक ढकलायचा, दुसरा पडायचा. त्यातले पडणारे ते हे. पंच्याहत्तरी उलटल्यावर मुलीकडे, मेधाकडे, अमेरिकेत नोव्हाय गावी राहायला आले आणि आमचे शेजारी झाले.

पहिल्याच हिवाळ्यात ते ड्राइव्हवेच्या बर्फावर आडवे झाले. मी स्लिपरवरच धावलो.

"काका, नाइन-वन-वनला कॉल करू?"

"करा. पण आधी सांगा, टायमिंग कसं होतं?"

हिप मोडलं होतं. नवीन बसवलं. मेधाने जाहीर केलं, "बाबा, यापुढे पडणं कॅन्सल." घरी येणारी अमेरिकन फिजिओथेरपिस्ट त्यांना सुरक्षित कसं पडावं ते दाखवू लागली, तर यांनी तिचीच शिकवणी घेतली. "आधी चेहरा पडतो, मग माणूस," हे मला तिला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. जमलं नाही.

सिनेमातले त्यांचे जोडीदार, ढकलणारे आप्पा, दुसऱ्या राज्यात कॅरी गावी मुलाकडे असत. दर रविवारी फोनवर दोघांचं भांडण व्हायचं: लोक हसायचे ते कोणामुळे? "ढकलण्यात कसली आलीय कला?" काका ओरडायचे. "दारसुद्धा ढकलतात लोक!"

मग आमच्या मंडळाने गणपतीत दोघांना बोलावलं. फक्त खुर्चीत बसून गप्पा मारायच्या, ही मेधाची अट. दहा मिनिटं अट पाळली गेली. मग आप्पा उठले, जुन्या सवयीने हात उगारला. काकाही काठी टाकून उभे. मेधाने माझं मनगट आवळलं. "बाबा पडणार!"

आप्पांचा हात काकांच्या छातीपाशी येऊन थांबला, आणि आप्पाच धाडकन मागे पडले. हॉल आधी गपगार, मग हसून लोळायला लागला. काका त्यांना उठवायला वाकले, तर त्यांनाच सरळ होता येईना.

"गाढवा, पडायचं काम माझं!"

"तुझं हिप नवं आहे. माझं काय, जुनंच आहे."

त्यानंतरच्या रविवारी काकांनी फोनवर त्या पडण्याची यथेच्छ चिरफाड केली. पाठ ताठ होती, हात उशिरा उडाले, शाळेतली पोरं बरी.

मार्चमध्ये आप्पा झोपेतच गेले. मी काकांना कॅरीला घेऊन गेलो. परतताना विमानतळावर त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "जन्मात एकदा पडला, पण माझ्यापेक्षा चांगला पडला हो. त्याला सांगायचं राहिलं."