डाग ओळखणारे सलीमचाचा

तास संपवून बाहेर आले तेव्हा फोन वाजत होता. शबाना, सलीमचाचांची मुलगी. "अब्बा गेले, ताई... नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणून राहिलो." त्याला आता दीड महिना झाला.

हिंगोलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चाचा इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेचे सहायक होते. त्याआधी आखाडा बाळापूरला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण दहावी. सोल्डरिंगला ते 'डाग देणं' म्हणत, आणि डाग कुणाच्या हातचा, हे नुसतं बघून ओळखत.

हे मला शेवटच्या वर्षी कळलं. आम्ही तिघी मैत्रिणींनी प्रोजेक्ट म्हणून पेरणीचा रोबोट घेतला होता, आणि बाकीच्या वर्गासारखा तयारच विकत आणला होता. चाचांनी तो उलटा करून पाहिला. "ताई, हे डाग तुमचे न्हाईत." मी म्हटलं, आमचेच आहेत. त्यांनी वाद घातला नाही. एक तार उपटली आणि म्हणाले, "मग लावा बराबर." ती कुठं लावायची, ते आम्हा तिघींपैकी एकीलाही सांगता येईना. सरांकडे तक्रार करतील असं वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "परीक्षेला बारा दिवस हायेत. सोताच्या हातानं करता का?"

मी साखरा गावची. घरातून इंजिनिअर होणारी पहिलीच, नापास होण्याची धास्ती मोठी होती. तरी बसलो. बोटं भाजली, एक आयसी जाळली, दोनदा रडून झालं... बाराव्या दिवशी आमच्या हातची रोबोट-गाडी तयार झाली. परीक्षकांसमोर ती चार फूट चालली आणि थांबली. का थांबली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्ही मोटरी एकदम वीज ओढतात, बॅटरीला झेपत नाही. त्यांनी मान डोलावली. आम्ही पास झालो, पण मार्क विकतच्या रोबोटवाल्यांनाच जास्त पडले. मी चाचांवर चिडले.

"तुमची बंद काहून पडली ते तुमाला ठाऊक हाय," ते शांतपणे म्हणाले. "त्यांची पडली तर ते कोणाला इचारतील?"

पुढं मी त्याच प्रयोगशाळेत शिकवायला लागले. वीज सोडण्याआधी चाचा मोठ्यानं म्हणत, "हात वर!" सगळ्यांचे हात टेबलावरून उचललेले दिसले, की मगच मुख्य बटण दाबत. परवा नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. या पोरांनी चाचांना पाहिलेलंही नाही. मी बटणाजवळ गेले. तोंड उघडणार, तोच मागच्या टेबलावरून एक मुलगी ओरडली, "हात वर!" वरच्या वर्गातल्या कुणीतरी शिकवलं असावं.

सगळ्यांचे हात वर गेले. माझेही... बटण दाबायला क्षणभर कुणाचाच हात खाली नव्हता.