सरलाबाईचे काळे मणी

सुरतेच्या कोसाड कॉलनीतल्या सरलाबाईचा उजवा डोळा नवा झाला आणि तिच्या घरात भांडण लागलं. नवराबायकोचं नव्हे, ते तर जुनंच. हे भांडण उजव्या डोळ्याचं आणि डाव्याचं.

झालं असं, की मोतीबिंदूच्या शिबिरात तिचा उजवा डोळा करून दिला. डावा नंतर करू म्हणाले. पट्टी सुटली, बाई घरी आली आणि बघते तर काय, उजव्या डोळ्याला भिंत पांढरीफेक, वर निळसर झाक. डाव्या डोळ्याला तीच भिंत वरणाच्या पाण्यासारखी पिवळट. दोन्ही उघडले की भिंत धड कुठल्याच रंगाची नाही. मग नजर दोरीवर गेली. तिथे आभाळासारखे निळे बनियन वाळत होते.

"अहो, हे कोणाचे बनियन?" तिने नवऱ्याला ओरडून विचारलं. सुपडूभाऊ जन्मभर लूमवर राबलेला माणूस, खडखडाटाने कान गेलेले.

"मनाच शेत," सुपडूभाऊ अहिराणीत म्हणाला, म्हणजे माझेच आहेत. "तूच नीळ टाकस ना. लई दिवस झायात."

"मग बोलले का नाही?"

"माले वाटनं, तुले आवडस."

घ्या. बाईला सगळं पिवळं दिसत होतं म्हणून ती नीळ ओतत गेली, आणि हा बाबा निळा होऊन गल्लीभर फिरत राहिला.

खरं तर रंगाचं कोणी शिकवावं अशी सरलाबाई नव्हती. पर्वत पाटियाच्या बाजारात ब्लाउजांना जी लटकनं लावतात, त्यातले काचेचे मणी ती करायची. आधी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. मग मण्यांचा धंदा करणाऱ्या रंजनाबेनने शेडमध्ये बायका बसवल्या तेव्हा ही पण गेली. काम सांगायला सोपं. सळईला मातीचा लेप द्यायचा, म्हणजे मणी नंतर सुटून येतो. काचेची कांडी गॅसच्या ज्योतीत धरायची, ती मधासारखी ओघळायला लागली की सळईवर गुंडाळायची. हात थांबला की मणी एका अंगाला पोट काढतो. वर दुसऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे, ठिपक्यांतून सुई ओढली की पान होतं, फूल होतं, कधी कधी काहीच होत नाही आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच आवडतं. मग गरम राखेत पुरायचा. घाईने काढला तर तडकतो. आणि रंगाचं म्हणाल तर ज्योतीत सगळेच खोटं बोलतात. लाल काळपट दिसतो, पांढरा नारिंगी. खरं काय ते राख झाडल्यावर. सरलाबाईला हेच गोड लागायचं. संसारात सगळं आधीच ठाऊक असतं, भाजी कुठली आणि तिला नाव कोण ठेवणार. इथे निदान राख उपसताना जीव वरखाली व्हायचा.

तर तिच्या मुलाचं, गोपालचं लग्न ठरलं. मुलगी बारडोलीची, नाव स्वाती. वडील साखर कारखान्यात, माणसं मूळची खान्देशातलीच. डोरल्याच्या वाट्या सोनार करणार, पण वाट्यांच्या बाजूचे मोठे काळे मणी आपल्याच हातचे, असं सरलाबाईने धरून ठेवलं. आजवर परक्या बायांच्या पाठीवर लोंबायला मणी केले, आता एकदा घरच्या सुनेच्या गळ्यात जाऊ दे.

"वहिनी, बाजारात काळ्या मण्यांचा काय दुष्काळ पडला?" नणंद सुषमा म्हणाली. पण ऐकेल ती सरलाबाई कसली. ऑपरेशनच्या आधीच तिने मणी केले, दोन्ही जुन्या डोळ्यांनी निरखले. काळे कुळकुळीत. डबीत घालून देवापुढे ठेवले.

आता नव्या डोळ्याने तीच डबी उघडली, गॅलरीतल्या उन्हात मणी धरला.

जांभळा!

उजवा डोळा मिटला. काळा. डावा मिटला. जांभळा.

काळ्या मण्याने दृष्ट टळते, जांभळ्याने काय टळणार? उद्या पोरांच्या संसारात नुसतं भांडं वाजलं तरी सुषमा म्हणेल, डोरलंच धड नव्हतं.

"अहो, हा काळा का जांभळा?"

"शे ना!" सुपडूभाऊ म्हणाला. म्हणजे आहे. काय आहे, ते नाही.

त्याच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता. तिने फोटो काढून गोपालला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "मम्मी, मस्त नेव्ही ब्लू छे!"

"ब्लू कोणी मागितला होता रे?" म्हणून तिने फोन आपटला. दोनाचे तीन रंग झाले.

दुसऱ्या दिवशी तडक शेडवर गेली. काळ्या कांड्या आणि गडद जांभळ्या कांड्या शेजारशेजारच्या डब्यांत. उभ्या दिसायला जुळ्या बहिणी. तेव्हा आपला हात कुठल्या डब्यात गेला होता? आठवेना.

"बेन, मी काळीच घेतली होती ना?"

रंजनाबेनने कपाळाला हात लावला. "अरे सरलाबेन, मने शुं खबर? जाळून बघ ने."

हे बरोबर. सरलाबाईने काळ्या डब्यातली कांडी ज्योतीत धरली, टोक वितळलं तसं चिमट्याने केसाएवढी तार ओढली आणि उजेडात धरली. तार जांभळी! मग जांभळ्या डब्यातली ओढली. ती पण जांभळी, जरा फिकट.

"बेन, तुमची काळी काचच जांभळी आहे."

"काळी काच पातळ केली तर एवीच दिसते. जाड ठेवली तर काळी."

"मग काळी काळी कधी असते?"

"जाड असते तेव्हा," रंजनाबेन म्हणाली आणि फोनवर बोलायला निघून गेली.

बाई गेली होती एक कोडं सोडवायला, आली दोन घेऊन. तिने नवीन मणी करायला घेतला, पण हातच बसेना. उजवा डोळा म्हणे जरा डावीकडे, डावा म्हणे जरा उजवीकडे. मणी निघाला तो वांग्यासारखा. तो तिथेच ठेवून आली.

इकडे सुषमाने बाजारातून काळे मणी आणून ठेवले होते. डांबरासारखे. त्यांत ऊन शिरत नव्हतं. कुठल्याही डोळ्याला काळेच. त्यांच्यात खोट एकच, ते सरलाबाईने केलेले नव्हते.

ब्लाउजाच्या मापाला म्हणून स्वाती आईबरोबर सुरतेला आली. विहीणबाई सुषमाशी साड्या उलगडत बसल्या, तेवढ्यात सरलाबाईने पोरीला गॅलरीत ओढलं आणि दोन्ही डब्या पुढे केल्या.

"हे बाजारचे. हे माझे. हे काळे आहेत का, ते मलाच माहीत नाही बाई. तू सांग. खोटं बोलू नको."

स्वातीने मणी उन्हात धरला, मग पदराच्या सावलीत धरला. होणाऱ्या सासूला ती आत्याबाई म्हणे. "घरात काळे, उन्हात जांभळे. बरंय की आत्याबाई, दोन्ही रंगांच्या साड्यांवर जातील."

"साडीचं नाही गं. दृष्टीचं म्हणते मी."

"तुमच्या गळ्यातले बघू."

"माझे काय बघायचे? सासूबाईंनी ओवलेले. काळेच आहेत." असं म्हणत सरलाबाईने गळ्यातलं डोरलं पुढे ओढलं, डावा डोळा मिटला आणि उन्हात धरलं. धरलं ते धरूनच राहिली. मणी हिरवे होते. बाटलीच्या काचेसारखे गर्द हिरवे.

"अगं बया!"

"मग? मामांना कधी लागली का दृष्ट?"

सरलाबाईने आत पाहिलं. सुपडूभाऊ पंख्याखाली तोंड उघडं टाकून झोपला होता. "ह्यांना?" ती म्हणाली. "ह्यांना कोण लावणार?"

पोरगी इतकी हसली की विहीणबाई आतून विचारायला लागल्या, काय झालं. काही नाही, म्हणत स्वातीने बाजारची डबी बंद केली आणि दुसरी सासूच्या हातात दिली. "हेच ओवा. पण सुषमाआत्यांना उन्हात दाखवू नका."

सरलाबाईने ओवले. ओवताना मन लागलंच असं नाही. हिरव्याने निभावलं म्हणून जांभळ्याने निभावेल कशावरून? आणि जन्मभर जे काळं म्हणून गळ्यात वागवलं ते हिरवं, तर आणखी काय काय भलतंच होतं? विचार करून डोकं दुखलं तेव्हा तिने चहा केला.

लग्न भर दुपारी. मांडवाचं कापड विरळ, ऊन गाळून खाली येत होतं. अंतरपाट सरला, गोपालने डोरलं हातात घेतलं आणि सगळे अक्षता टाकायला लागले. सरलाबाईच्या हातातल्या अक्षता हातातच. तिने उजवा डोळा मिटला. काळे. डावा मिटला. जांभळे. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. नक्की कुठल्या रंगाने पोरगी आपल्या घरात येते ते एकदा कळू दे, एवढंच तिचं म्हणणं.

समोर विहीणबाई उभ्या होत्या. विहीण आपल्याला भर मांडवात डोळा मारते आहे, तोही दोन्ही बाजूंनी, हे बघून त्या आधी गोंधळल्या, मग लाजल्या. आणि मग इकडेतिकडे बघून, पदर तोंडाला लावून, त्यांनीही एक डोळा मारला.