पडद्यामागची पत्ती

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळपासून ढगाळ. वन्सं वाद्यवृंदाच्या निवडीला परीक्षक म्हणून गेल्या. त्यांची शिष्या, नदीपलीकडच्या वस्तीतल्या शिंप्याची मुलगी, आज वाजवणार. दूधवाला आला नाही.

ही नोंद भावजयीच्या वहीतली. तिच्या वन्संना सगळे ओबोबाई म्हणत. शहराच्या वाद्यवृंदात ओबो हे सनईसारखं विलायती वाद्य फुंकण्यात जन्म गेला, पण नदीपलीकडच्या वस्तीतल्या तिथे त्या एकट्याच. वस्तीतलं कुणी आलं की परीक्षक आधी आडनाव विचारत, मग म्हणत, "सूर जरा रांगडा वाटतो." ओबोबाईंनी वर्षानुवर्षं डोकं आपटलं, तेव्हा कुठे यंदा परीक्षा पडद्याआडून घ्यायचं ठरलं. नियम त्यांनीच लिहिला: ओळख पटेल अशी खूण मिळाली की उमेदवार बाद.

परीक्षेआधी व्हरांड्यात मुलगी रडकुंडीला आली. "बाई, पत्ती चिरली!" ओबोच्या तोंडाशी बसवायची वेताची ती पत्ती वादक स्वतःच तासून करतात, आणि सुराचा पोत तीच ठरवते. ओबोबाईंनी डबीतली आपली काढून दिली. "घे. आणि रडू नकोस, ओठ सुजतील."

पडद्यामागून पहिला लांब सूर आला आणि ओबोबाईंनी मान वर केली. हा त्यांचाच आवाज! रोज सगळा वाद्यवृंद याच सुरावर आपली वाद्यं लावत आला होता.

संचालकांनी पेन्सिल खाली ठेवली. "ओबोबाई, इथे बसलात की पडद्यामागे?"

सगळे हसले.

"तिची पत्ती चिरली होती. माझी दिली, एवढंच."

"म्हणजे खूणच की. नियम कुणाचा?"

"माझा."

"हा सूर्य, हा जयद्रथ!" व्हायोलिनवाले म्हणाले. "आपली माणसं मागल्या दारानं आणायला पडदा हवा होता, असं सरळ सांगायचं."

मुलगी वाजवतच होती, इतकं सुरेल की शिपाईही दारात थबकला होता. संचालकांनी घंटी वाजवून तिला मध्येच थांबवलं. बाद. जाता जाता पुढच्या वर्षीपासूनचा पडदाही रद्द केला.

बाहेर मुलीनं पत्ती रुमालानं पुसून परत दिली.

"दुसऱ्या कुणाची घेतली असती तर, बाई?"

"कोण देणार होतं?"

"खरंय." तिनं पेटी बंद केली. "उद्यापासून बाबांच्या दुकानात बसते. काज-बटणं तरी पडद्याशिवाय होतात."

ओबोबाईंना तिला 'नको' म्हणवेना. बसथांब्यावरून दोघी दोन दिशांना गेल्या.

रात्री भावजयीनं वहीत नोंद केली: शिंप्याची मुलगीही जेवायला येणार म्हणून तिघींचा स्वयंपाक केला होता, दोघींचा उरला.